भाड्याचे आकाश

कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाडहून ‘रो-रो’ सेवा सुरू केली. भरलेला ट्रक वाघिणीवर चढतो आणि महामार्गाचे हाल टाळून थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतो. ट्रक मालकाचा, माल व्यापाऱ्याचा. रूळ मात्र रेल्वेचे. दरड कोसळली की ट्रकवाल्याने वाट पाहायची. कांदे-बटाटे असले तर नुकसान पैशांत मोजता येते. पण मालाऐवजी युद्धनौकेला धाडायचा हुकूम असेल तर?

आपले नौदल उपग्रहावरून बोलण्यासाठी अनेक वर्षे इन्मारसॅट या परदेशी सेवेवर विसंबून होते. ३० ऑगस्ट २०१३ रोजी नौदलाचा स्वतःचा जीसॅट-७ आकाशात गेला. उपग्रह इस्रोचा, पण त्याला वर नेणारा एरियन-५ अग्निबाण युरोपचा. २ नोव्हेंबर २०२५ रोजी सुमारे ४,४०० किलोंचा सीएमएस-०३ मात्र श्रीहरिकोटाहून आपल्याच अग्निबाणाने उडाला. लष्करासाठीच्या जीसॅट-७बीचा २,९६३ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीशी केला.

एवढा खर्च कशाला, भाड्याने घ्यावे की, असे कुणी म्हणेल. युक्रेनकडे पाहावे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले, त्याच दिवशी व्हायासॅटच्या उपग्रहजाळ्यावर सायबर हल्ला झाला. काही दिवसांतच खासगी स्टारलिंकची यंत्रे येऊन पोचली आणि तुटलेला संपर्क सांधला गेला. भाड्याची सेवा अशी वेळेला धावून येते, हे मान्यच करायला हवे. पण क्रिमियाजवळ तीच सेवा सुरू करण्याची विनंती कंपनीच्या मालकाने नाकारली, असे त्यानेच पुढे जाहीर सांगितले. लढाई एका देशाची आणि होकार-नकार एका व्यापाऱ्याचा!

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याची नजर करारात आधी व्याजदराकडे नव्हे, तर सेवा बंद करण्याचा अधिकार कुणाला, या कलमाकडे जाते. सगळेच स्वतःचे करणे परवडत नाही. जवानाचा घरी फोन, रसदीचा रोजचा हिशेब भाड्याच्या वाटेने खुशाल जावा. तीही एकाच मालकाची नसावी. लढाईचा हुकूम मात्र आपल्याच वाटेने गेला पाहिजे.

१९९३ साली शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि मुंबई हादरली. समुद्रावरचा पहारा ढिला पडला तर काय होते, हे रायगडकरांना वेगळे सांगायला नको. त्या पहाऱ्याचा आवाज कुणाच्या मर्जीवर चालतो, हे विचारण्याचा हक्क कर भरणाऱ्या प्रत्येक घराला आहे.