रोलँडची यंत्रे आणि आमची हलगी

विजेवर चालणारे वाद्य दिसले की आपल्याकडील जाणकार मंडळी नाक मुरडतात. ‘यंत्राला काळीज नसते’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. स्नेहसंमेलनात ऑक्टोपॅड आला की ते हमखास कानी पडते. मला हे मत पटत नाही. का पटत नाही हे सांगायचे, तर १९८५ साली ऑक्टोपॅड काढणाऱ्या रोलँड या जपानी कंपनीकडे पाहावे लागेल.

ही कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाकात काढली. त्यांचे आईवडील लहानपणीच क्षयाने गेले. पुढे ऐन तारुण्यात त्याच रोगाने त्यांनाही कित्येक वर्षे रुग्णालयात खिळवून ठेवले. घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करता करता हा माणूस घडला. संगीत तो रीतसर शिकलाच नाही. घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटावी, यात नवल ते काय?

१९८० साली रोलँडने टीआर-८०८ हे तालयंत्र काढले. त्याच सुमारास निघालेल्या अमेरिकन लिन यंत्रात खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते, पण त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. ८०८ बाराशे डॉलरच्या आत मिळे, आणि त्यातला प्रत्येक आवाज विजेच्या जोडणीतून तयार होई. ‘हा ड्रम वाटतच नाही,’ असे लोक म्हणाले. खरेच वाटत नव्हता! सुमारे बारा हजार यंत्रे विकून १९८३ साली उत्पादन थांबले. पण तोवर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये ते घुमले होते. पुढे जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले आणि हिपहॉपवाल्या पोरांनी उचलून धरले. आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्याच यंत्रांवर दहा राग वाजवून तबकडी काढली होती. तिची कदर व्हायला मात्र २०१० साल उजाडले. असो.

आता दुसरी बाजू. माझे चुलते हलगी वाजवतात. पूर्वी वरातीला चार-पाच जणांचा ताफा जाई. आता एकच ऑक्टोपॅडवाला हलगी, ढोलकी, संबळ सगळे एकटा उरकतो. चुलत्यांच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. पण चार माणसांची बिदागी वाचवण्याचा हिशेब यजमान करतो, पॅड करीत नाही. शिवाय जाळावर शेकलेल्या हलगीचा कडकडाट त्या रबरी चौकोनातून निघत नाही, हे बहिऱ्यालाही कळेल. ८०८ ला मान मिळाला तो त्याच्या स्वतःच्या आवाजामुळे. आमचे ऑक्टोपॅडवाले मात्र नकलेतच अडकून पडले आहेत, आणि नक्कल ही त्या वाद्याची सर्वांत दुबळी बाजू आहे.

म्हणून संमेलन समितीला माझे सांगणे आहे. ऑक्टोपॅड खुशाल आणा, त्यावर ऑक्टोपॅडच वाजू द्या. हलगी हवी असेल तेव्हा हलगीवाल्याला बोलवा, रंगमंचावर माईकसमोर बसवा आणि ठरलेली बिदागी त्याच दिवशी हातात द्या. पाहुण्यांच्या स्वागतापुरता त्याला फाटकाशी उभा करून चहावर परत पाठवू नका.