पेटी विलायती घ्याल, पण भाता फाटल्यावर कोणाच्या दारी जाल?

सुगी उरकली, चार पैसे हाती खेळू लागले आणि हरिनाम सप्ताह जवळ आला, की गावच्या भजनी मंडळाला नव्या पेटीची आठवण होते. वर्गणी निघते. कोणी पायलीभर जोंधळा घालतो, कोणी कांद्याच्या पट्टीतून नोट काढून देतो, एखादी म्हातारी अंडी विकून साठवलेले पैसे पदराच्या गाठीतून सोडते. असा घामाचा पैसा एके ठिकाणी जमला, की गावात शहाण्यांचा सुळसुळाट होतो. एक म्हणतो, "पेटी घ्यायची तर जर्मन सुरांची घ्या, इकडचा माल म्हणजे नुसता खोका." दुसरा शहराची हवा खाऊन आलेला पाहुणा म्हणतो, "पेटी आता हवी कोणाला? जपानी कंपनीचा कीबोर्ड आणा. बटण दाबले की तबलासुद्धा त्यातूनच वाजतो." आणि आमची साधी माणसे माना डोलावतात. या मानडोलीबद्दल आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कोणास झोंबले, तर आमचा नाइलाज आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशी वस्तू दिसली की तिची होळी करा, असे सांगणाऱ्यांतले आम्ही नव्हे. होळी करणाऱ्याच्या घरी दुसरा कोट असतो. गरिबाच्या घरी नसतो. शिवाय ज्या पेटीबद्दल आम्ही बोलत आहो ती तरी मूळची कोठली? पॅरिस शहरात दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पेटी खुर्चीवर बसून वाजवायची आणि भाता पायाने हाणायचा. पुढे कलकत्त्यास हाताच्या भात्याची पेटी निघाली. त्या कामी द्वारकानाथ घोष यांचे नाव घेतात आणि साल १८७५ चे सांगतात. मग ती खुर्चीवरून उतरून मांडी घालून बसणाऱ्यापुढे आली, आणि पाहता पाहता देवळात, कीर्तनात, तमाशाच्या कनातीत शिरली. लग्नाच्या वरातीत आपण ज्यावर नाचतो तो बेंजोही असाच. त्याचा मूळपुरुष जपानातील तैशोगोटो, १९१२ साली नागोया शहरी निघाला. आज आमच्या गल्लीतल्या पोरास तो परका वाटतो काय?

तेव्हा वस्तू जन्मली कोठे, हा प्रश्नच नव्हे. वस्तू आपली केव्हा होते? ती उघडून पाहण्याची, बिघडली तर नीट करण्याची आणि पुन्हा तशीच घडविण्याची अक्कल आपल्या हातांत येते, तेव्हा ती आपली होते. पेटी आपली झाली ती या हातांनी केली. तिचे खोके सुताराने जुळविले, भात्याला चामडे चिकटवले कारागिराने, आणि तिच्या पोटातले पितळी सूर सौराष्ट्रातील पालिताण्यास घडू लागले. आज विलायतेत भजन-कीर्तनाचा नाद लागलेली माणसे हातपेटी हवी झाली की ती हिंदुस्थानातून मागवतात. आणि येथे आमचा गडी म्हणतो, इकडचा माल म्हणजे खोका! पिकते तेथे विकत नाही, दुसरे काय?

या पेटीची अप्रतिष्ठा पूर्वीही झाली आहे. १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. मोठमोठ्या विद्वानांचे म्हणणे असे, की हे यंत्र परदेशी आहे आणि यातून मींड निघत नाही. मींड निघत नाही हे खरेच आहे. पण गावच्या भजनात पन्नास गळे एका सुरात बांधून ठेवायला जो आधार लागतो, तो या पेटीनेच दिला, आणि तो देताना कोणा विद्वानाची परवानगी विचारली नाही. १९७१ साली बंदी सैल झाली. तोवर ती पेटी आमच्या देवळातून एक दिवसही उठली नव्हती. गंमत पाहा. तेव्हा पेटी परदेशी म्हणून वाईट ठरली, आणि आज तीच पेटी परदेशी नाही म्हणून वाईट ठरते! न्याय फिरला, पण ज्याला हिणवायचे तो कारागीर आणि ज्याला नाक मुरडायचे तो खेडूत, हे दोघे जागचे हलले नाहीत.

आता जर्मन सुरांचे पाहू. जुन्या जर्मन सुरांची कीर्ती खोटी नव्हती. त्यांचे पितळ चांगले, काम बारीक, आणि सूर वर्षानुवर्षे टिकून राही. हे आम्ही नाकारीत नाही. पण आज तुमच्यापुढे जे "ओरिजिनल जर्मन" म्हणून मांडले जाते, ते पुष्कळ वेळा मोडक्या जुन्या पेट्यांतून काढून नव्या खोक्यात बसविलेले असते. जुने म्हणून ते टाकाऊ नव्हे. पण कोणता सूर किती झिजला, कोणता किती वेळा घासला गेला, हे शिक्क्यावर लिहिलेले नसते. आणि पितळेवर शिक्का मारायला जर्मनीसच जावे लागते असेही नाही. शिक्क्याचे दाम मोजणारा शेतकरी वाणाची जात न विचारता पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेतल्यासारखे करतो, आणि त्याचे पीक काय येते ते आम्ही त्यास सांगावयास नको.

सूर म्हणजे तरी काय? पितळेच्या पट्टीला खाच पाडून तिच्यावर एका बाजूने जडवलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्याची हवा तिच्या अंगावरून गेली की ती थरथरते आणि नाद निघतो. जिभेचे टोक कानशीने किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. एवढी ही विद्या. पण केसाएवढी कानस जास्त फिरली तर सूर वाया जातो, म्हणून तिला वर्षांची बैठक आणि तयार कान लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात, स्प्रिंगा गंजतात, भात्याचे चामडे कसर खाते. हे सारे आमच्या खेड्यात होणारच. पेटीवाला तालुक्याच्या बाजारात बसत असेल तर पेटी एस.टी.त घालून न्यावी, दोन दिवसांत परत आणावी. कीबोर्डाचे काय? आमच्या शेजारच्या एका मंडळाने तो वर्गणीतून घेतला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे तोंड बंद झाले. दुकानदार म्हणाला, आतली पाटी बदलावी लागेल. आणि मग म्हणाला, ती पाटी आता येत नाही. त्या गावात सुतार आहे, गवंडी आहे, मोटार बांधणारा आहे. पण त्या बंद डब्यापुढे साऱ्यांचे हात बांधलेले. आज तो देवळाच्या माळ्यावर उंदरांची सोबत करीत पडला आहे.

सगळेच विलायती टाळा, असे मात्र कोणी समजू नये. बँडात क्लॅरिनेट वाजवून जो पोट भरतो, त्याच्या वाद्याचे लाकूड आफ्रिकेतले, भोके मोजून पाडलेली, चाव्यांची जुळणी घड्याळासारखी. त्याला इकडे तोडीचे मिळाले नाही, तर त्याने खुशाल बाहेरचे घ्यावे. हत्यार चांगले हवे, हा कामकऱ्याचा हक्क आहे. पण तुताऱ्या-बिगुलांसारखी बँडाची पितळी वाद्ये मेरठास घडतात, ती आधी फुंकून पाहावी, आणि मग परदेशची किंमत विचारावी.

दूर कशाला, मिरजेस जा. तेथे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी तंबोरे आणि सतारी घडविण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या राखली. ज्या तंबोऱ्यावर दरबारी गवई गायले, तो शिकलगाराच्या हातचा. आणि त्या तंबोऱ्याचा भोपळा कोठला? आमच्या भीमाकाठचा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतकऱ्याने पिकवून, वेलावर जून होऊ देऊन, वाळवून दिलेला. शेतकऱ्याचा भोपळा आणि कारागिराचा हात, यांतून निघालेल्या नादाला सारे जग मान डोलावते. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरजेचे नाव दुसऱ्या कोणी आपल्या मालावर लावू नये असा कायद्याचा आधार मिळाला. हे उत्तम झाले. पण मानांकनाने चूल पेटत नाही, गिऱ्हाइकाने पेटते. मैफलीत गवयाचे नाव घेतात, तबलजीचे घेतात, शाल देणाऱ्या शेठजीचेही घेतात. वाद्य ज्याने घडविले त्याचे नाव कोणी घेत नाही. मग त्या कारागिराचा मुलगा बापाची कानस ठेवून एखाद्या दुकानात नोकरी धरतो, तर त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

कारागीर बंधूंनाही एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओल्या लाकडाचे खोके करून वरून चकचकीत पॉलिश मारणारे, दिवाळीचा वायदा शिमग्याला पुरा करणारे तुमच्यातही आहेत. आपला म्हणून वाईट माल घ्या, असे आम्ही कोणास सांगणार नाही. पेटीच्या आत आपले नाव व साल लिहा, पावती द्या, पहिला पावसाळा सरल्यावर सूर पुन्हा लावून देण्याचे कबूल करा. मग पाहा, शिक्क्याची मातब्बरी किती दिवस राहते.

आणि मंडळाच्या पंचांनो, तुम्ही असे करा. खरेदीस जाताना वाजवणारा बरोबर न्या, बोलणारा घरी ठेवा. दुकानात आपोआप धरून राहणाऱ्या आधारसुरांच्या खुंट्या बंद ठेवून बाकीच्या समोरच्या खुंट्या ओढा आणि एकही पट्टी न दाबता भाता भरा. कोणताही सूर आपोआप गुणगुणता कामा नये. मग एकेक पट्टी हळू हवेत आणि जोराच्या हवेत वाजवून पाहा. सूर उशिरा बोलतो काय, जोरात डळमळतो काय, हे कानाने ठरवा. झाकण उघडून दाखवण्यास जो कचरतो, त्याच्याकडून घेऊ नका. इसार देऊन सांगून करून घ्या, आणि काम चोख असेल तर शेवटच्या शंभर रुपयांसाठी कारागिराचा जीव खाऊ नका; बाजार समितीत आपला जीव कसा खाल्ला जातो ते आठवा.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. पेटी दुरुस्तीस पाठवाल तेव्हा तिच्याबरोबर गावातला एखादा हुशार पोरगा पाठवा; पोरगी असली तरी हरकत नाही. दोन दिवस त्या कारागिराजवळ बसून तिने पाहावे, की सूर कसा काढतात, चामडे कसे चिकटवतात, कानस किती हलक्या हाताने धरतात. पुस्तकातली विद्या आम्ही शाळेत देतोच. ही विद्या आमच्या शाळेत नाही, ती त्या कारागिराच्या हातात आहे, आणि तो हात थांबला की ती गेली. विलायती डबा घेतलात तर वर्गणी एकदा जाईल आणि डबा एकदा बंद पडेल. कारागिराकडून घेतलीत तर पेटीही राहील आणि पेटीवालाही राहील. आता कोणते घ्यावयाचे, ते ज्या म्हातारीने अंड्यांचे पैसे दिले, तिला विचारून ठरवा.

— एक खेडवळ शिक्षक