उसाचा ट्रॅक्टर की वरात?

गळीत हंगाम सुरू झाला की मलकापूर-बांबवडे रस्त्याला उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. मागे दोन ट्रॉल्या ऊस, वर कर्णे. मागच्या गाडीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जाणार कसा? झोप लागू नये म्हणून टेप लावतो, असं ते सांगतात. रात्र-रात्र जागणाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. पण त्यासाठी अख्खं गाव जागं कशाला?

शेतीखात्याचा यात काय संबंध, असं विचाराल. पहाटे धारेच्या वेळी गोठ्यालगत असा दणका बसला की म्हैस बुजते आणि पान्हा चोरते. भीतीनं अंगात अॅड्रेनलिन वाढतं, ते पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडवतं. मग कितीही कास चोळा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा लावायला बंदी आहे. आवाजाचे निकष मोडणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे चालवणाऱ्याइतकंच चालवू देणाऱ्या मालकालाही लागू आहे. सायलेन्सर बदललेली बुलेटही त्यातच आली, पोरांना सांगा.

सरपंच, पोलीस पाटलांनी हंगामाच्या तोंडावर वाहनमालक, मुकादमांना चावडीवर बोलावून हे ऐकवावं. तरीही रात्री कोणी जुमानलं नाही, तर ११२ ला फोन करावा. आणि ट्रॉली फडातून निघते तेव्हा ड्रायव्हर आपल्याच बांधावर उभा असतो. टेप बंद ठेव म्हणायला तेवढा वेळ पुरतो.