सायलेन्सर चिरडला, कुलूप तसेच राहिले

महाराष्ट्रातील शहरांतून एक दृश्य अलीकडच्या वर्षांत जनतेच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडावयाचे, त्यांवरून रोडरोलर फिरवावयाचा आणि छायाचित्रे वृत्तपत्रांकडे धाडावयाची. या कारवाईचे स्वागतच केले पाहिजे. मध्यरात्री रुग्णालयासमोरून बार उडवीत जाणारी मोटारसायकल हा कोणाच्याही स्वातंत्र्याचा आविष्कार नव्हे. तिच्यामुळे झोपमोड होते ती पहाटेच्या पाळीला निघावयाचे असलेल्या कामगाराची आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची. परंतु रोडरोलर निघून गेल्यावरही एक प्रश्न मागे उरतो आणि तो आवाजापेक्षा मोठा आहे. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे जाणून ते नीट करण्याचा अधिकार कोणाचा?

सायलेन्सर बदलणे म्हणजे केवळ आवाज बदलणे नव्हे. मोकळ्या नळीतून जळलेला वायू लवकर बाहेर पडतो, इंजिन अधिक हवा ओढू लागते आणि पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच येत राहते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे पुरत्या ज्वलनाचे प्रमाण होय. हवा त्याहून वाढली की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, ओढ कमी होते; फार काळ दुर्लक्ष झाले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांवर बेतते. कार्बोरेटरच्या काळात यावर इलाज होता व तो पेठेतल्या कोणत्याही जाणत्या मिस्त्रीच्या हातात होता. गाडी मंद चालताना अडखळली तर लहान जेट बदलावयाचा. मधल्या वेगात ओढ नसेल तर सुईची क्लिप एक खाच खाली घेऊन सुई उचलावयाची. पूर्ण वेगात दम तुटला तर मुख्य जेट मोठा घालावयाचा. मग चार मैल फिरवून प्लग काढून पाहावयाचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळलेला असेल तर जास्त, फिकट तपकिरी असेल तर काम झाले. ही विद्या पदवीने मिळालेली नव्हती. उस्तादाच्या हाताखाली पाने-पकडी देत वाढलेल्या पोरांनी ती डोळ्यांनी आणि कानांनी कमावली होती.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर व त्यावर हुकूम चालवणारा संगणक आला. धूर कमी झाला, ही प्रगतीच आहे; तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. धुराच्या नळीतील सेन्सर प्राणवायू मोजतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल कमीअधिक करतो. परंतु ही दुरुस्ती ठराविक मर्यादेतच होते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला की बहुधा सेन्सरचे म्हणणे बाजूला राहते आणि कारखान्यात भरलेल्या तक्त्याप्रमाणेच पेट्रोल सुटते. त्या तक्त्याला कुलूप आहे. कुलपाची किल्ली कंपनीपाशी. मिस्त्रीपाशी पाना आहे, पण फिरवावयास स्क्रू उरलेला नाही. ज्याला निदानाचे यंत्र विकत घेणे परवडत नाही, त्याच्या वाट्याला तेल बदलणे आणि पंक्चर काढणे एवढेच राहते. पिढ्यांनी कमावलेले कसब असे निमूटपणे हिरावले जाते, त्याचा पंचनामा मात्र कोठे होत नाही.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : कुलूप पर्यावरणासाठी आहे. त्यात तथ्यांश नाही असे नव्हे. विषारी वायू निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उपटून टाकणारे सायलेन्सर बाजारात विकले जातात आणि ते थांबलेच पाहिजेत. पण पर्यावरणाची ही चिंता किती प्रामाणिक? अमेरिकेत २०१६ साली हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले, ते २००८ पासून प्रदूषण वाढवणारी सुमारे ३ लाख ४० हजार ट्यूनिंग-यंत्रे तिने स्वतःच विकली, या आरोपावरून. त्याच कंपनीवर २०२२ साली तेथील व्यापार आयोगाने दुसरी कारवाई केली, ती बाहेरचे सुटे भाग वा बाहेरचा कारागीर वापरल्यास वॉरंटी जाईल असे ग्राहकांना बजावल्याबद्दल. किल्ली विकून पैसा, कुलूप लावूनही पैसा!

आपल्याकडे तर खुद्द सरकारनेच मिश्रण बदलले आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ऊस उत्पादकाला त्यातून चार पैसे मिळणार असतील तर विरोधाचे कारण नाही. परंतु इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायू घेऊन येते. त्यामुळे या इंधनाला साडेतेरा भागांच्या आसपासच हवा पुरते आणि जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ पडते. हौशी तरुणाने नवा सायलेन्सर बसवून जे केले, तेच थोड्या प्रमाणात धोरणाने दूधवाल्याच्या आणि शेतमजुराच्या जुन्या गाडीला केले. ती गाडी नीट कोण करणार? तोच मिस्त्री, ज्याला कोणी विचारले नाही.

वाट अगदीच अनोळखी नाही. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना नाकारल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना एकंदर २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. समिती आणि संकेतस्थळ यांनी गॅरेजातल्या माणसाच्या हाती काही पडत नाही. त्यासाठी बंधनकारक कायदाच हवा.

म्हणून मागणी नेमकी असावी. आवाज यंत्राने मोजून दंड व्हावा, आणि तो चालकाइतकाच असे सायलेन्सर बनवणाऱ्यास व विकणाऱ्यासही व्हावा. निदानाची साधने आणि दुरुस्तीची माहिती प्रत्येक कारागिराला वाजवी दरात मिळावी. इंधनाचा तक्ताही धुराच्या मर्यादेत राहून दुरुस्त करता यावा आणि ती मर्यादा पाळली गेली की नाही हे कठोर तपासणीने ठरावे. आयटीआयमधून काम करणाऱ्या मिस्त्रींसाठी सायंकाळचे मराठी वर्ग निघावेत. शहराशहरांतील गॅरेज कामगारांना या मागणीभोवती एकत्र आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. गोंगाटाची बाजू घ्यावयाची नाही, तशी कुलपाचीही नाही. हवा स्वच्छ राखण्याची जबाबदारी कारागिरावर टाकावयाची असेल, तर त्यासाठी लागणारे ज्ञान त्याच्यापासून लपवून ठेवता येणार नाही.