मेलिएगरची आई

व्हॅटिकनच्या संग्रहालयात गेलेली माणसे सहसा लाओकूनपुढे गर्दी करतात. मी अडकलो तो तिथल्या प्राण्यांच्या दालनात. संगमरवरी पशूंच्या त्या मेळ्यात एक तरुण उभा आहे. त्याला तिथे जागा मिळाली ती बहुधा जवळच्या कुत्र्यामुळे आणि रानडुकराच्या मुंडक्यामुळे!

हा कॅलिडनचा राजपुत्र मेलिएगर. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या एका ग्रीक मूर्तीची ही रोमन नक्कल, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. मूळ मूर्ती स्कोपसची मानतात. डावा पंजा तुटलेला, शेला हातावर गुंडाळलेला. शिकार नुकतीच साधली आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा चेहऱ्यावर मागमूस नाही.

आपल्याकडे सटवाई येते. याच्या घरी सातव्या दिवशी दैवदेवता आल्या आणि म्हणाल्या, चुलीतले ते लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल. आई अल्थियाने लाकूड झटकन ओढले, विझवले, पेटीत जपून ठेवले. पोरगा मोठा झाला, त्याने ते उन्मत्त डुक्कर मारले आणि जिचा बाण पहिला लागला त्या अटलांटेला कातडे देऊन टाकले. बाईमाणसाला हा मान? मामांनी ते हिसकावले. भाच्याने मामांनाच ठार केले. भावांची प्रेते पाहून आईने पेटी उघडली. लाकूड जळाले, मुलगा गेला. मग तिनेही जीव दिला.

घरी ही कथा सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी (दोन भावांची बहीण!) विचारले, "मग मूर्तीत ते लाकूड कुठे आहे?"

"नाही."

"म्हणजे आईला बाहेरच ठेवले. पुरुषाचे सोपे असते!"

मी गप्प बसलो. कॉलेजात असताना एका लग्नात, भर पंगतीत, मी मामाला नाही नाही ते बोललो होतो. चूक माझीच होती. आई मला एका शब्दानेही बोलली नाही. मामा मात्र पुन्हा आमच्या घरी आला नाही. त्या भाऊबीजेला तिने नेहमीसारखे ताट केले, गच्चीवर गेली आणि बीजेच्या कोरीला ओवाळले, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसे. मामा जाईपर्यंत अकरा वर्षे हेच चालले.

खाली आली, की मामासाठी काढून ठेवलेल्या करंज्या ती माझ्या पानात वाढायची.