बारावीनंतरची पहिली कामं

बारावी झालेल्या मुलामुलींनो, मनापासून अभिनंदन! टक्क्यांची चर्चा घरीदारी होईल. ती फार मनावर घेऊ नका. आधी दाखल्यांकडे बघा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या चार-पाच झेरॉक्स काढा. नॉन-क्रीमीलेयर लागणार असेल तर सेतू केंद्रात आजच अर्ज द्या. ऐन प्रवेशाच्या वेळी तिथे झुंबड उडते. एखादा विषय राहिला, तर पुरवणी परीक्षा आहे. कमावता कमावता शिकायचं, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून त्यासाठीच उभं आहे. आणि आयटीआयला कमी लेखणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका, चांगल्या वेल्डरची, इलेक्ट्रिशियनची गरज गावोगावी आहे. अर्ज भरताना अडलं, तर आपल्या सरांना, बाईंना खुशाल फोन करा. त्यांना आनंदच होईल.