फोन तोच, डायलर मात्र रातोरात बदलला! वर्षानुवर्षांचा युजर प्लॅटफॉर्म का सोडतो?

मुंबई : ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातल्या अनेक अँड्रॉइड फोनवर कॉलची स्क्रीन अचानक वेगळी दिसू लागली. अपडेटचं बटण दाबल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फोन हॅक तर झाला नाही ना, असा प्रश्न सोशल मीडियावर फिरू लागला. खुलासा अगदी साधा होता. गुगलने आपल्या ‘फोन’ अ‍ॅपला ‘मटेरियल ३ एक्स्प्रेसिव्ह’ हे नवं डिझाइन दिलं होतं. फेव्हरिट्स आणि रिसेंट्स हे दोन टॅब ‘होम’मध्ये एकत्र झाले आणि वर सरकवून कॉल घ्यायची सवय लागलेल्यांसमोर आडवं सरकवायचं बटण आलं.

ऑफिसात बसून पाहिलं तर बदल किरकोळ वाटतो. पण सकाळच्या बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये एक हात हँडलला आणि दुसऱ्यात फोन असतो, तेव्हा अंगठा स्क्रीनकडे न बघताच सरकतो. मुलुंडला एकट्या राहणाऱ्या आजींना तर ‘हिरवं बटण वर ढकल’ एवढंच शिकवलेलं असतं. त्यांच्यासाठी हे डिझाइन सुंदर की कुरूप, हा मुद्दाच नाही. मुलाचा फोन वाजतोय आणि तो घेता येत नाही, एवढंच त्यांना कळतं. अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ केलं की जुना डायलर परत येत होता. हे आजींना कोण सांगणार?

जुना युजर वैतागतो तो अशा गोष्टींनी. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कमी पडले म्हणून वर्षानुवर्षांचा प्लॅटफॉर्म सोडणारे थोडे. हाताला बसलेली गोष्ट न विचारता काढून घेतली, की मन उडतं. मे २०२२ मध्येही असंच झालं. गुगलने धोरण बदललं आणि ट्रूकॉलरसारख्या अ‍ॅपमधलं कॉल रेकॉर्डिंग बंद पडलं. गुगलच्या स्वतःच्या डायलरमध्ये रेकॉर्डिंग राहिलं, पण ते सुरू होताच समोरच्याला तशी घोषणा ऐकू जाते. प्रायव्हसीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण दिवसभर फोनवर ऑर्डर घेणाऱ्या घाटकोपरच्या दुकानदाराची रोजची सोय गेली, हेही खरं.

आयफोनवाल्यांकडेही तक्रारींची कमी नाही. जुनी बॅटरी असलेल्या काही मॉडेलचा वेग आपण कमी करतो, अशी कबुली अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये दिली, तीही चर्चा फारच वाढल्यावर. त्याआधी किती जणांनी ‘फोन म्हातारा झाला’ म्हणून खिशाला खार लावून नवा घेतला असेल, कोण जाणे. आयक्लाउडवर फुकट जागा आजही ५ जीबीच मिळते.

मग एवढा वैताग असूनही लोक प्लॅटफॉर्म बदलत का नाहीत? कारण बदलणं म्हणजे एक आख्खा रविवार घालवणं. आणि बहुतेकदा तेवढ्याने भागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचंच घ्या. अँड्रॉइडचा बॅकअप गुगलच्या खात्यावर, आयफोनचा आयक्लाउडवर. एकाचा दुसऱ्याला वाचता येत नाही. अँड्रॉइडवरून आयफोनवर चॅट नेण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये आली. ती ‘मूव्ह टू आयओएस’ अ‍ॅपमधून चालते आणि त्यासाठी आयफोन कोरा किंवा फॅक्टरी रिसेट केलेला असावा लागतो. आधी फोन सुरू करून चार दिवस वापरला आणि मग चॅटची आठवण झाली, तर पुन्हा सगळं पुसायचं. पैसे देऊन घेतलेली अ‍ॅप्स एका स्टोअरमधून दुसऱ्यात जात नाहीत, ती वेगळीच.

यूपीआय तर सिमला आणि हँडसेटला बांधलेलं. नव्या फोनवर पुन्हा एसएमएस पडताळणी करावी लागते. त्यानंतर बऱ्याच बँकांत पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. आयफोनवर ती अनेकदा ७२ तासांची असते. फसवणूक रोखण्यासाठी हे आवश्यकच आहे, त्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण महिन्याच्या १ तारखेला घरभाडं द्यायचं असेल तर फोन बदलण्याचा मुहूर्त नीट बघावा लागतो! अ‍ॅपवर काढलेल्या लोकलच्या पासचंही तेच. नव्या हँडसेटवर तो आधी सुरू करून घ्यावा, कारण टीसीपुढे जुन्या फोनमधला स्क्रीनशॉट चालत नाही.

कंपन्या याला ‘ब्रँड लॉयल्टी’ म्हणतात. मोबाइल नंबरच्या बाबतीत अशाच निष्ठेचं काय झालं, ते आठवून पाहावं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. त्याआधी नेटवर्कला कितीही शिव्या घातल्या तरी नंबर जाईल म्हणून माणूस तिथेच राहायचा. नंतर १९०० वर एक एसएमएस टाकायचा आणि बाहेर पडायचं, इतकं सोपं झालं. ही सोय कंपन्यांनी आपणहून दिली नाही, ट्रायच्या नियमांमुळे द्यावी लागली.

फोनच्या प्लॅटफॉर्मसाठी असा नियम आपल्याकडे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, पण तो मुख्यतः फोनमध्ये आधीच घातलेल्या अ‍ॅप्सबद्दल आणि बाजारातल्या वर्चस्वाबद्दल होता. डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये लोकांपुढे आला. युरोपात त्याच महिन्यात मोठ्या कंपन्यांवर डेटा हलवू देण्याचं बंधन लागूही झालं. चॅट, फोटो, कॉन्टॅक्ट आणि विकत घेतलेली अ‍ॅप्स सोबत नेण्याचा हक्क आपल्याकडेही कायद्यात यायला हवा. स्क्रीनची रचना बदलण्याआधी ‘जुनी ठेवायची का?’ एवढं विचारायला तर कायद्याचीही गरज नाही.

तोवर फोन बदलणाऱ्यांनी जुना हँडसेट एक्स्चेंजमध्ये देण्याची घाई करू नये. चॅट आलं, यूपीआय चालू झालं, पास दिसला, की मगच तो रिसेट करावा. आणि आजींच्या फोनमध्ये डायलरचं ऑटो-अपडेट प्ले स्टोअरमधून आजच बंद करून ठेवावं. मात्र सुरक्षेचे सुधार येत राहावेत म्हणून अधूनमधून ते स्वतः करून द्यावं.